तिंकाराने सिगारेट का सोडली

मे महिन्यात कारावांके पर्वतावरून उतरणारा पाऊस कुणाची अनुमती घेत नाही. पोद्लिपा गावचे टपाल वाटून परतणाऱ्या तिंकाराचीही त्याने घेतली नाही. पिवळी स्कूटर अकेशियाच्या झाडाखाली लोटून, डोक्यावर रिकामी पिशवी धरून ती धावली आणि उतारावरच्या पहिल्याच छपराखाली शिरली. ते छप्पर माणसांच्या घराचे नसून मधमाश्यांच्या घराचे आहे, हे त्या घाईत तिला उमगले नाही. आणि कोपेरच्या समुद्रकाठी वाढलेल्या मुलीला ते उमगावे तरी कसे!

तिने सिगारेट ओठांत धरली. लायटर दोनदा दाबला. तो भिजला होता.

"हलू नका," आतून एक पुरुषी आवाज आला. "त्यांच्या वाटेत उभ्या आहात तुम्ही."

"कुणाच्या?"

"तिच्या… आणि तिच्या… आणि ही येतेय बघा, हिच्या."

तिंकाराने मान वळवली. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर, शिकाऱ्याची दाढी करणाऱ्या कोल्ह्याचे चित्र रंगवलेल्या, पेटीच्या दर्शनी फळीवर, पावसाने ओथंबलेल्या करड्या माश्या एकामागून एक उतरत होत्या आणि तिची यत्किंचितही दखल न घेता आपापल्या पेटीत शिरत होत्या. तिला वाटले, आपण कुणाच्या तरी घरी प्रार्थनेच्या वेळी न विचारता शिरलो आहोत.

बाजूचे दार उघडून तो बाहेर आला. उंच होता, आणि उंच माणसे छपराखाली जशी वाकून उभी राहतात तसा किंचित वाकून उभा राहिला. केसांना धुराचा वास होता. एक बाही दुमडलेली, दुसरी विसरलेली. त्याने तिला बाजूच्या भिंतीशी असलेल्या बाकाकडे नेले. तिथे पाऊस येत नव्हता आणि माश्यांची वाटही नव्हती.

"काडी आहे का?" तिने सिगारेट दाखवली.

"आहे. पण ती माश्यांना धूर द्यायला ठेवलेली. टपालखात्याला द्यायची की नाही, ते काकांना विचारावं लागेल."

"विचारा मग."

"झोपलेत आत. पेट्यांच्या मागे खाट आहे त्यांची. म्हणतात, माश्यांच्या गुणगुणण्यानं गुडघे बरे होतात."

"मग आता?"

"उठल्यावर बोलणी मीच खाणार आहे," तो म्हणाला, "तेव्हा देतोही मीच."

त्याने काडी ओढली आणि दोन्ही तळहातांची ओंजळ करून ज्योत तिच्यापुढे धरली. तिंकारा वाकली. ज्योतीच्या त्या इवल्याशा उजेडात तिने एकदा वर पाहिले आणि त्याने त्याच क्षणी खाली… आणि मग दोघेही पावसाकडे पाहू लागले, जणू पावसाचे परीक्षण करण्याचे काम कुणी त्यांच्यावर सोपवले होते.

त्याचे नाव गाश्पेर. तो काका लोव्रोंच्या माश्या सांभाळी आणि राणीमाश्यांची पैदास करून त्या दूरदूरच्या मधपाळांना टपालाने पाठवी. स्वतः मात्र तो सिगारेट ओढत नसे.

तिचा लायटर दुसऱ्या दिवशी वाळला. तरीही तो खोलीतल्या खणात राहिला, आणि रोजची फेरी संपली की पिवळी स्कूटर अकेशियाखाली थांबू लागली. "काडी आहे का?" असे ती विचारी, "काकांना विचारतो," असे तो म्हणे, आणि न विचारताच काडी ओढी. सिगारेट जळे तोवर बोलणे चाले. कुणाच्या कुत्र्याने आज पोटरी धरली, कोणती राणी अंडी घालीना, समुद्राकाठच्या माणसांना डोंगर छातीवर बसल्यासारखे का वाटतात, डोंगराकडच्यांना समुद्र रिकामा का वाटतो… मग ती थोटूक बुटाखाली विझवी आणि "चला" म्हणून उठे. जूनमध्ये चेस्टनट फुलला तेव्हा दोघे एकमेकांना 'तू' म्हणू लागले होते. ते कधी झाले, हे दोघांनाही सांगता आले नसते.

तिंकारा पोद्लिप्यात बदली म्हणून आली होती. तिथली टपालवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, ती आता परतणार नाही असे कळले, तेव्हा टपालकचेरीच्या प्रमुख मार्येताबाईंनी तिला बोलावून सांगितले, "जागा तुझी. हवी असेल तर ऑगस्ट संपायच्या आत 'हो' म्हण. नको असेल तर नीट 'नाही' म्हण. माझ्या डोक्याला ताप नको." इकडे कोपेरमध्ये आईने बंदराच्या कचेरीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिंकाराला 'हो' म्हणायचे होते. परंतु ज्याच्यासाठी म्हणायचे, त्याने अजून ओझरतेही विचारले नव्हते. एका बाकावर बसायला मिळते एवढ्या आधारावर मुलीने आपला समुद्र सोडावा काय?

जुलैत तिने सिगारेट सोडली.

म्हणजे पूर्ण सोडली असे नव्हे. क्रान्य शहरातल्या दुकानातून तिने एक व्हेप आणली, बोटाएवढी चपटी, पिवळी, वाफ देणारी. दुकानातल्या मुलीने विचारले, कोणता स्वाद? तिंकाराने सर्वांत गोड वाटेल त्यावर बोट ठेवले.

गाव लहान असले की सिगारेट सोडण्याचे कारण सर्वांना सांगावे लागते. मार्येताबाईंना ती म्हणाली, "गणवेशाला वास लागतो हो." आईला फोनवर म्हणाली, "छातीसाठी." आई आनंदाने रडली, तिंकाराला ते फारच लागले. घरमालकिणीला म्हणाली, "तुमच्या पडद्यांसाठी." लोव्रोकाकांना म्हणाली, "तुमचा चढ चढताना दम लागतो, काका." प्रत्येक कारण सांगताना ते तिला खरे वाटे आणि सांगून झाल्यावर परक्याच्या कोटासारखे खांद्यांवरून घसरे. खरे कारण कोणते, हे तिने स्वतःला विचारले तेव्हा आत कुठेतरी काहीतरी लाजून आडोशाला गेले, पुढे येईना.

त्या दिवशी ती बाकावर बसली. गाश्पेरने सवयीने काडी ओढली, ओंजळ केली. तिंकाराने पिवळी नळी दाखवली.

"हिला काडी लागत नाही."

"अच्छा," तो म्हणाला. काडी तशीच त्याच्या हातात जळत राहिली. बोटाला चटका बसला तेव्हा त्याने ती झटकली. "सिगारेट सोडलीस?"

"सोडली."

"का?"

लोव्रोकाकांना सांगितलेले कारण तिच्या जिभेवर आले, पडद्यांचेही आले. या माणसाला त्यांतले एकही देववेना.

"असंच…"

"असंच," तो म्हणाला, आणि काड्यांची पेटी खिशात ठेवून पेट्यांकडे गेला.

त्याच दुपारी पहिली माशी तिला चावली. कानाच्या पाळीवर.

कार्निओलाच्या, म्हणजे याच भागातल्या, करड्या माशीएवढी सौम्य माशी अन्यत्र नाही, हे तिथले मधपाळ आपल्या मुलींविषयी बोलावे तशा अभिमानाने सांगतात. लोव्रोकाका तर उघड्या छातीने पेट्या उघडत. मेपासून त्या माश्या तिंकाराच्या केसांतून वाट काढून गेल्या होत्या, पण एकीनेही नांगी उगारली नव्हती. आणि आता मनगटावर, मानेवर, पुन्हा कानावर! आठवडा सरायच्या आत तर एक थवाच्या थवा तिच्या मागे लागला. स्कूटर तिथेच टाकून ती उतारावरून किंचाळत धावली. गाश्पेर तिच्यामागे धावला, त्याने आपला सदरा काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि उघड्या पाठीवर स्वतः डंख घेतले.

ओढ्याकाठी दोघे धापा टाकत थांबले. तो तिच्या मानेतली नांगी नखाने खरवडू लागला. खूप जवळ होता. त्याने श्वास आत घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"फार चिडल्यात तुझ्यावर," तो हळूच म्हणाला. "वास येतोय."

"कसला?"

"त्यांच्या रागाचा."

तिने मान खाली घातली. रागाला वास असतो हे तिला ठाऊक नव्हते. आपल्याच अंगाला तो यावा, याची तिला विलक्षण लाज वाटली.

"पण मी काय केलं रे त्यांचं?"

"तेच कळत नाहीये," तो म्हणाला. आणि सदरा परत मागायचे विसरून गेला.

लोव्रोकाकांना मात्र सारे कळले होते. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशीच त्यांनी तिला थांबवले. कडक माणूस, पण बोलले ते दुखऱ्या आवाजात.

"पोरी, राग मानू नकोस. ती पिवळी शिट्टी फुंकत तू इथं आलीस तेव्हापासून बघतोय. आमच्या बापजाद्यांपासून एक गोष्ट चालत आली. मनात खोट असली ना, की माशी त्या माणसाला जवळ येऊ देत नाही. माझ्या बायकोला, फ्रान्त्स्काला, सोयरिकीआधी माझ्या आईनं या पेट्यांपुढून चालवत नेलं होतं. घाबरून पांढरीफटक पडली होती बिचारी. एकीनंही हात लावला नाही तिला."

"काका," आतून गाश्पेर ओरडला, "काहीतरी सांगू नका तिला!"

"मी सांगत नाही रे. त्या सांगतायत. मी फक्त मोठ्यानं म्हणतो."

"काका, माझ्या मनात खोट नाही," तिंकारा म्हणाली.

"मग सिगारेट का सोडलीस ते मला दम लागतो म्हणून सांगितलंस, आणि घरमालकिणीला पडद्यांसाठी? काल दुकानात भेटली ती मला."

तिंकाराने आशेने दाराकडे पाहिले. गाश्पेर चौकटीत उभा होता, वाकून. तो हसला नाही; तो तिच्याकडे पाहत होता आणि त्या पाहण्यात एक प्रश्न होता, जो तोंडाने विचारण्याचे धाडस त्याला होत नव्हते. क्षणभर तिला दिसले, की तोही थोडासा… अगदी थोडासा… माश्यांवर विश्वास ठेवतो आहे.

ती स्कूटरवर बसून निघून गेली.

त्यानंतरचे दिवस तिने मोठ्या संभ्रमात काढले. माश्यांचे म्हणणे खोटे आहे, असे ती दहा वेळा स्वतःशी म्हणे. आणि अकराव्या वेळी मनात येई, की चारजणांना चार कारणे सांगणारी मुलगी आणखी कशी असते? त्याच्या 'का'ला आपण 'असंच' म्हणालो. जे आपल्याला ठाऊक नाही ते त्या मुक्या जिवांना ठाऊक असेल तर? कदाचित आपले मन खरोखरच इथले नसेल. कदाचित ते समुद्राचे असेल, आणि बाकावर बसलेली ती कुणी दुसरीच असेल. गाश्पेर काही आला नाही. त्याने निरोपही धाडला नाही. त्याला तरी काय म्हणावे! काडीसुद्धा नको म्हणणाऱ्या मुलीकडे माणसाने कोणते तोंड घेऊन जावे?

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी तिने मार्येताबाईंना सांगितले, "मी कोपेरला जाते, बाई."

"नीट 'नाही' म्हण."

"नाही," तिंकारा म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन व्हेप ओढत बसली. डोळ्यांत पाणी होते, ते वाफेमुळे असे तिने ठरवून टाकले.

बाहेर दाराची घंटा वाजली. मार्येताबाईंचा आवाज आला, "ये रे गाश्पेर. राण्या आणल्यास वाटतं? अरे, माझ्या अंगावर नको ठेवूस ते! तिंकारा, तू घे गं. मला भीती वाटते या पार्सलांची."

तिंकारा डोळे पुसून बाहेर आली. टपाल घेण्याच्या खिडकीवर जाळीचा खोका होता. आत लाकडाच्या लहान पिंजऱ्या होत्या, प्रत्येकीत एक राणी आणि तिची सेवा करणाऱ्या मूठभर कामकरी माश्या. प्रवासाला निघालेल्या राण्या जशा असाव्यात तशा त्या शांत होत्या. गाश्पेरने टोपी हातात घेतली होती.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "बाईंनी बेकरीत सांगितलं, बेकरीनं सगळ्यांना."

"अर्ध्या तासात?"

"मार्येताबाई पत्रांपेक्षा वेगानं जातात."

"ऐकू येतंय मला," मार्येताबाई म्हणाल्या.

तिंकारा हसली, हसताना तिने एक निःश्वास सोडला आणि वजन करण्यासाठी खोका जवळ ओढला. त्याबरोबर खोका गुणगुणू लागला. आधी एक पिंजरी, मग सगळ्या. तीक्ष्ण, चढता, अंगावर काटा आणणारा तो आवाज. मार्येताबाई खुर्चीवर चढल्या. तिंकाराने हात मागे घेतले. तिचा चेहरा उतरला.

"बघ," ती म्हणाली. "पिंजऱ्यातसुद्धा. घेऊन जा त्यांना, गाश्पेर. मला नको आता."

परंतु गाश्पेर हलला नाही. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

"तुला आत्ता माशी चावली?"

"नाही."

"आज सकाळपासून? कुठेही?"

"मी इतक्या दिवसांत तुझ्याकडे आले तरी आहे का?"

"मग हा वास कुठून येतोय?"

"कसला वास?"

"पिकल्या केळ्याचा."

तिंकारा गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने गणवेशाच्या खिशातून ती पिवळी नळी काढली. "याचा. केळंच आहे हे. का?"

गाश्पेरने नळी हातात घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या.

"माशी चावते ना," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा नांगीतून एक वास सोडते. बाकीच्यांना वर्दी असते ती. शत्रू आलाय, धावा. तो वास… अगदी पिकल्या केळ्यासारखा असतो. शेंबडं पोरही सांगेल आमच्याकडचं. तुझ्या मानेला तो आला तेव्हा मला वाटलं, डंखांचाच आहे. एवढे डंख होते! मी म्हटलं, किती चिडल्यात या तुझ्यावर… आणि तू बिचारी रोज माझ्या दारात बसून, तोंडानं, 'शत्रू आलाय, धावा' म्हणून फुंकत होतीस."

खुर्चीवरून मार्येताबाईंच्या हसण्याचा जो स्फोट झाला, त्याने राण्यांचा खोका क्षणभर गप्प बसला. तिंकाराही हसू लागली. हसता हसता ती टपालाच्या गोणीवर बसली.

"म्हणजे माझ्या मनात…"

"काही नाही. केळं आहे फक्त."

"आणि तुझे काका?"

"त्यांना मी सांगतो. एक महिना बोलणार नाहीत माझ्याशी. खाटेवर रुसून पडतील, तेवढाच गुडघ्यांना आराम."

मग हसणे ओसरले. ते ओसरल्यावर जी शांतता उरली, ती आधीच्या सर्व शांततांहून अवघड होती; कारण आता माश्यांचा निवाडा रद्द झाला होता आणि त्याच्या जागी दुसरा कुणीही काही सांगणारा नव्हता. मार्येताबाईंना एकाएकी मागच्या खोलीत काम आठवले.

गाश्पेर खिडकीवर दोन्ही कोपरे टेकून वाकला.

"तिंकारा, एक विचारू? माश्यांना विचारून झालं माझं. आता तुलाच विचारतो. सिगारेट का सोडलीस?"

"गणवेशाला…"

"तू मार्येताबाईंना सांगितलंस ते नको."

"छाती…"

"ते आईला."

तिने ओठ आवळले. आडोशाला गेलेले ते काहीतरी आत पुन्हा हलले, आणि या वेळी त्याने पळ काढला नाही. ती बोलू लागली तेव्हा तिला स्वतःलाच आपले शब्द नव्याने ऐकू येत होते.

"सिगारेट संपते रे," ती म्हणाली. "पाच-सहा मिनिटांत. मी किती हळू ओढायची, ठाऊक आहे? कधी कधी तर नुसती हातात धरायची. पण ती आपली आपणच जळते. आणि संपली की… संपली की मला 'चला' म्हणावं लागायचं. मग क्रान्यला दुकानात ती मुलगी म्हणाली, ही दिवसभर चालते. मी म्हटलं, द्या." तिने नजर खाली वळवली. "एवढंच. मला… मला उठायचं नव्हतं."

गाश्पेरने काडीचा चटका बसलेल्या आपल्या बोटाकडे पाहिले.

"मला वाटलं, तुला माझी काडी नको झाली," तो म्हणाला. "त्या दिवशी वाटलं, एवढी एक काडी होती माझ्याकडे, तीही गेली. आता कुठल्या तोंडानं थांब म्हणू?"

"म्हणायचं होतं तुला?"

"जूनपासून."

"मग म्हण की."

"आता? तू तर नीट 'नाही' म्हणून बसलीस."

"बाईंना म्हटलंय. तुला नाही."

"थांब," तो म्हणाला. त्याचा आवाज त्या एका शब्दावरही अडखळला. "थांब ना, तिंकारा."

"मार्येताबाई!" तिंकाराने मागे न वळता हाक मारली. "ते 'नाही' परत घेता येईल का?"

"मी ते अजून वर कळवलंच नाही," दाराच्या अगदी जवळून उत्तर आले. "बेकरीत सांगून आले फक्त. म्हटलं, बघू कुणाची राणी कुठे जाते ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिंकारा उतारावर गेली. व्हेप तिने खोलीवर ठेवली होती, सिगारेटही नव्हती. लोव्रोकाका कुंपणाशी होते. त्यांनी नाक वर करून एकदा हवा हुंगली, घसा खाकरला, आणि माफीचा शब्द सापडेना म्हणून फाटक उघडून धरले. करड्या माश्या तिच्या कानावरून, केसांवरून आपल्या वाटेने निघून गेल्या. ती बाकावर बसली. गाश्पेर पलीकडे बसला. विचारण्यासारखी काडी नव्हती. पेटवण्यासारखे काही नव्हते. संपण्यासारखेही काही नव्हते. तिंकाराला फार विचित्र वाटले. तिने हात मांडीवर ठेवले, मग हातांची घडी घातली, मग बाकाची कड धरली.

"काय झालं?" गाश्पेरने विचारले.

"कळत नाही," ती म्हणाली. "हातांचं काय करायचं तेच कळत नाहीये."

तो किंचित सरकला. त्यालाही नीट ठाऊक नव्हते. पण त्याने आपला तळहात उघडून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला आणि पर्वताकडे पाहत वाट बघू लागला.